दोन कुलपं, तीन चिठ्ठ्या

मित्रांनो, मी एक जुनी तक्रारपेटी आहे. नाक मुरडू नका. तक्रार म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी एकदा माझं ऐका. कोणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला राहवत नाही.

माझा जन्म पत्रेवाल्या काकांच्या दुकानात झाला. तेलाचा रिकामा डबा कापून, ठोकून, कडा दुमडून त्यांनी मला घडवलं. वर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली आणि झाकणाला दोन कड्या बसवल्या.

"एका कुलपाने भागत नाही का हो?" काकांनी विचारलं.

मला न्यायला आलेल्या ताई हसल्या. "नाही काका. एका किल्लीवर माझाही भरवसा नाही."

या ताई एक छोटीशी संस्था चालवत. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, पाच माणसं आणि एक सदा कुरकुरणारा पंखा, एवढाच पसारा. पण काम मोलाचं होतं. संकट आलं की मदत घेऊन पुष्कळ जण धावतात. ती मदत धड कशी करावी, हे ताई त्यांना शिकवत. माणशी रोज किती लिटर पाणी हवं, संडास तंबूपासून किती पावलांवर हवा, एका नळावर किती माणसं असावीत, ही सगळी मापं त्यांना तोंडपाठ होती. आणि मदत घेणाऱ्यालाही तक्रारीचा हक्क आहे, हे सांगताना तर त्यांचा आवाज चढायचा.

दोन कुलपांचा नियमही त्यांचाच. पूर्वी एका छावणीत वाटप करणाऱ्यांनीच पेटी उघडून आपल्याविरुद्धच्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या होत्या. तेव्हापासून एक किल्ली संस्थेकडे आणि दुसरी छावणीतल्या माणसाकडे. दोघं समोर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही म्हणजे नाही!

मग एके दिवशी जमीन हादरली आणि दोन गावं भुईसपाट झाली. शाळेच्या मैदानात तंबू उभे राहिले. पाण्याच्या काळ्या टाकीजवळच्या खांबाला मला टांगलं. माझ्या पोटावर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो.' दुसरी किल्ली शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे दिली. त्यांनी ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मावशी आणि ताई मिळून मला उघडत.

छावणीत बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. त्यांची अडचण एका नऊ वर्षांच्या मुलीने सोडवली. ती माझ्याखाली दगडावर बसायची आणि सगळ्यांच्या तक्रारी लिहून द्यायची. लोकांनी तिचं नाव कारकूनबाई ठेवलं. "काय कारकूनबाई, कचेरी उघडली का?" असं विचारत म्हातारे यायचे. ती पेन्सिल कानावर खोचून म्हणायची, "रांगेत या, आजोबा!" आणि आजोबांच्या मागेपुढे तर कोणीच नसायचं.

तिच्या हातच्या चिठ्ठ्यांनी किती कामं झाली! संडासाला कडी बसली, तंबूंना जास्तीचं कापड आलं, एका आजींना त्यांच्या मापाच्या चपला मिळाल्या. मोठमोठे पाहुणे आले आणि माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले. खरं सांगते, मी तेव्हा जरा फुगलेच होते.

पुढचं सांगताना मात्र जीव जड होतो.

एका रविवारी मावशींच्या लेकीला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. मावशी होत्या तशा निघाल्या आणि गळ्यातली किल्ली त्यांच्याबरोबरच गेली. सोमवारी शाळेच्या सभागृहात ताईंचं मोठं शिबिर सुरू झालं. दुसऱ्या संस्थांचे चाळीस लोक आले होते. शिबिराचा विषय होता, लोकांचं ऐकावं कसं.

त्याच सकाळी कारकूनबाई धावत ताईंकडे आली. ताईंच्या दोन्ही हातांत तक्त्यांच्या गुंडाळ्या होत्या.

"ताई, टाकीचं पाणी..."

"पेटीत टाक हं, राणी. तिथलं नक्की वाचलं जातं." एवढं बोलून ताई पुढे गेल्याही.

मुलगी शहाणी. तिने लगेच लिहून माझ्यात टाकलं. टाकीचं झाकण तडकलं होतं, आत काहीतरी पडलं होतं आणि पाण्याला वास येत होता. बुधवारी तिने दुसरी चिठ्ठी टाकली. गुरुवारी ताई माझ्यासमोर आल्या. फटीतून कागद दिसत होते. त्यांनी कुलपाला हात लावला, थोडा वेळ तशाच थांबल्या आणि मग हात मागे घेतला. "मावशी परवा येतील. नियम मीच मोडला तर दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने शिकवू?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. अहो, मी आतून किती ओरडले असेन! पण पत्र्याचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

दुपारी कारकूनबाई पुन्हा आली. या वेळी तिला टाचा उंचावूनही फट सापडेना. तिसरी चिठ्ठी कशीबशी आत ढकलून ती खांबाला टेकून बसली. शुक्रवारी कारकूनबाईसह अकरा जण आजारी पडले. डॉक्टरांनी टाकी बंद करवली आणि सगळ्यांना दवाखान्यात हलवलं.

शनिवारी मावशी आल्या. नात झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. दोन किल्ल्या फिरल्या. ताईंनी पहिली चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुसरीत लिहिलं होतं, 'ताई, तुम्ही कामात आहात म्हणून परत लिहिते. पाणी बघा.' तिसरीतली अक्षरं वेडीवाकडी होती. 'पोटात खूप दुखतंय. ही तक्रार नाही, नुसतं सांगितलं.'

तेवढ्यात कारकूनबाईचे बाबा दवाखान्यातून परत आले. दहा जण वाचले होते. त्यांनी ताईंच्या हातातले कागद पाहिले आणि अगदी हळू विचारलं, "ती तुम्हाला सांगायला आली होती ना हो?"

ताईंनी होकारार्थी मान हलवली. मावशींनी गळ्यातला दोरा तोडून टाकला.

आज मी त्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली कपाटावर पडून आहे. निळी अक्षरं पुसट झाली आहेत आणि दोन्ही कुलपं ताईंनी काढून टाकली आहेत. माझ्यात आता कोणी काही टाकत नाही. शिबिर असलं की मात्र ताई मला खाली घेतात, धूळ पुसतात आणि तिसरी चिठ्ठी वाचून दाखवतात. इतकी वर्षं झाली, पण शेवटची ओळ त्यांच्याच्याने अजून वाचवत नाही. ती दुसऱ्या कोणाला तरी वाचावी लागते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझा गंज मला लखलाभ. एवढंच मागते, की तुमच्याकडे कोणी नुसतं सांगायला आलं तर हातातलं क्षणभर खाली ठेवा. मला फक्त तोंड होतं. कान ताईंना होते, आणि कारकूनबाई आधी त्यांच्याकडेच गेली होती.