काचेच्या पेटीची सवत

मित्रांनो, नवजात बाळांच्या वॉर्डात खिडकीखाली एक जुनी काचेची पेटी दिसेल, कापसाच्या गुंडाळ्यांनी गच्च भरलेली. ती मी. वेळेआधी जन्मलेल्या, ओंजळीत मावतील अशा बाळांना ऊब देण्यासाठी मला घडवले गेले. हल्ली मी ऊब देते ती कापसाला.

माझा कारखाना समुद्रापलीकडचा. कुणा भल्या माणसांनी मला या इस्पितळाला भेट दिले. मी आले तेव्हा अख्खा वॉर्ड मला बघायला लोटला होता. माझी काच, माझे आकडे, काय तो थाट! दोन वर्षे मी बाळे सांभाळली. पण इथली वीज लहरी. एका दुपारी ती उसळली आणि माझ्या आतला एक भाग जळाला. तो इथल्या बाजारात मिळेना, आणि कारखान्याने तो बनवणेच बंद केले होते. मोठ्या सिस्टरनी भेट देणाऱ्यांना तीन पत्रे पाठवली, उत्तर एकाचेही आले नाही. मग माझ्या पोटात कापूस आला.

एके दिवशी एक इंजिनिअर ताई आली. माझ्याच शेजारी स्टूल टाकून ती आठ दिवस नुसती बघत बसली.

"सिस्टर, यंत्रावरचे आकडे तुम्ही बघतच नाही?" तिने विचारले.

"अगं, बारा बाळं आणि मी एकटी. आकडा वाचायला जवळ जाऊन वाकावं लागतं. त्यापेक्षा जाता जाता तळपाय चाचपते."

ताईने ते वहीत लिहिले. काही महिन्यांनी तिने एक खाट आणली. लोखंडी सांगाडा, वर तापणारी नळी आणि लांबूनही दिसेल असा दिवा. बाळ गार असेल तर निळा, ठीक असेल तर हिरवा, तापले तर लाल. बिघडली तर सगळे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार. ना काच, ना ऐट! तरी सगळ्या सिस्टर तिच्याच भोवती. खरे सांगते, माझा नुसता जळफळाट झाला. ही सवत कुठून उपटली? तिची फजिती व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले.

आणि फजिती झाली. वॉर्डात चिकटपट्टी नेहमी अपुरी, म्हणून सिस्टर ती उभी चिरून अर्धीच वापरतात. ताई बसली होती त्या आठवड्यात नेमका नवा खोका आलेला, त्यामुळे तिला हे ठाऊकच नव्हते. एके दिवशी बाळाची ऊब मोजणारी खाटेची तार त्याच्या पोटावर अशाच अर्ध्या पट्टीने चिकटवली होती. ती सुटून चादरीखाली सरकली. चादरीखाली गार, म्हणून खाटेला वाटले की बाळच गार आहे. दिवा निळा राहिला, नळी तापतच राहिली. सिस्टर लांबून निळा दिवा बघून म्हणाल्या, "होईल गरम हळूहळू."

मला सगळे समोर दिसत होते. आधी आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. मग बाळ लालबुंद झाले, भराभर श्वास घेऊ लागले. मला ओरडायचे होते, पण माझी घंटा केव्हाच मुकी झाली होती.

तेवढ्यात त्याची आई दूध पाजायला आली. "सिस्टर, धावा! माझं बाळ भाजतंय!"

बाळ वाचले. ताई मात्र रडत रडत खाटेच्या वायरी काढू लागली. "मी हिला परत नेते. चूक माझी आहे."

"रडणं पुरे," सिस्टर म्हणाल्या. "ही नेलीस तर उद्याचं बाळ काय माझ्या खिशात ठेवू? पट्टी चिरायची आमची सवय काही सुटायची नाही. तू खाट सुधार."

ताईने डोळे पुसले आणि तार धरून ठेवायला काहीतरी शोधत माझ्या तळाचा खण उघडला. आत माझा मऊ कापडी पट्टा होता, तार बाळाच्या पोटाशी धरून ठेवणारा, धुता येणारा.

"हा इतकी वर्षं इथंच होता?" ती म्हणाली.

शिंप्याने तसे दहा शिवले. आता बराच वेळ ऊब देऊनही दिवा निळाच राहिला, तर खाट घंटाही वाजवते.

काल ते बाळ घरी गेले. निघताना आईने खाटेवरून हात फिरवला. "हिनं सांभाळलं बरं का तुला!" माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

मित्रांनो, यंत्र भेट देताना त्याचे सुटे भाग कुठे मिळतील तेही विचारा. आणि यंत्र घडवण्याआधी ते वापरणारे हात आठ दिवस बघा, नवव्या दिवशीही बघा. माझ्या काचेवरची धूळ कधीतरी पुसलीत तर बरे वाटेल.

आणि त्या आईला कुणीतरी सांगा, पट्टा माझा होता.