दोन्ही चाकं वर

जावयाच्या गाडीला नाव ठेवणं म्हणजे जावयालाच नाव ठेवणं, हे म्हाताऱ्या फिटरला कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं मालट्रकांखाली पाठ घासलेला माणूस तो, पण शेवटी सासराही होताच ना. म्हणून काल दुपारी लेक, जावई आणि सात महिन्यांची नात आली, गाडी फाटकातून आत उतरली आणि पुढच्या चाकांतून 'टक' असा आवाज आला, तेव्हा त्यानं जीभ चावली. रात्रभर नुसती कूस बदलली. सकाळी मात्र राहवेना.

"जावईबापू, जरा चाक बघू का?"

जावई तसा भला. पण गेल्या खेपेला असंच 'जरा बघतो' म्हणून सासऱ्यानं त्याच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स अंगणात पसरून ठेवला होता. रोग काही सापडला नाही, आणि जावई दोन दिवस कामाला मुकला. आता नोकरी नवी, पंपघरातली, संध्याकाळच्या पाळीची. उशीर झाला म्हणून साहेबानं एकदा तंबी दिलेली. बाराच्या ठोक्याला निघायलाच हवं होतं. मध्ये डोंगराचा रस्ता, एकीकडे कडा आणि दुसरीकडे नुसती हवा.

जावई म्हणाला की महिन्यापूर्वीच मेकॅनिकला दाखवलंय, रबर झिजलंय म्हणाला, चालवा बिनधास्त. तरी त्यानं किल्ली दिली. अर्धा तास, असं हसत हसत बजावून.

फिटरनं डावीकडे जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे सरकवले, चाक उचललं. एक हात वर, एक हात खाली धरून चाक हलवून पाहिलं. जागचं हलेना. चाकामागच्या आडव्या हाताखाली, ज्याला वर्कशॉपात लोअर आर्म म्हणतात, टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून तो वर ढकलला. काही नाही. डावं खाली घेतलं, उजवं उचललं, चाकही काढून बाजूला ठेवलं. तेच. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखं सगळं घट्ट.

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. जावई सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं. दारातून फिटरची बायको म्हणाली, "ट्रकचं डोकं चिमुकल्या गाडीत कशाला घालताय? अडकेल."

लेक हसली. पिशव्या केव्हाच डिकीत गेल्या होत्या, दुधाची बाटलीसुद्धा भरून तयार.

लावतो चाक, असं फिटर म्हणाला खरा, पण हात उठेना. असा आवाज त्यानं जन्मात एकदाच, एका ट्रकचा, कानाआड केला होता. त्या ट्रकचा ड्रायव्हर पुढं कुबड्या घेऊन वर्कशॉपात चहा प्यायला यायचा, आणि फिटर कामाचं निमित्त काढून मागच्या शेडमध्ये जायचा.

तो पुन्हा आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. वर बघत पडला. या चाकापासून त्या चाकापर्यंत एक वाकडा लोखंडी दांडा गेलेला असतो, वळणावर गाडी कलंडू नये म्हणून. सहज त्याला हात लागला. नव्यानं विणलेल्या खाटेच्या दोरीसारखा ताणलेला. इकडचं टोक खाली लोंबतंय, तिकडचं चाक जमिनीवर, आणि मधला दांडा पिळवटून, आर्म आणि चाक जोडणाऱ्या इकडच्या सांध्याला दाबून धरतोय.

म्हणजे ढिला सांधाही घट्टच लागणार. डावं उचललं तेव्हा तेच, उजवं उचललं तेव्हाही तेच. ट्रकला पुढं सरळ एक्सल. एक बाजू उचलली की रोग आपणहून बोलतो. तीस वर्षं तसंच करत आला, म्हणून इथंही तसंच केलं. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली त्याला.

दोन्ही चाकं एकदम वर घ्यायला हवीत. पण जॅक एकच. दुसरा गाडीच्या डिकीत, सगळ्या सामानाच्या तळाशी.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. सामान उतरवायचं म्हटल्यावर लेकीचा आवाज चढला. "बाबा, ह्यांची नोकरी जाईल. तुमचा हट्ट आम्हाला परवडत नाही."

'आम्हाला' हा शब्द फिटरला पान्यासारखा लागला. त्यानं लेकीकडे पाहिलंच नाही.

"जावईबापू, पंधरा मिनिटं. नाही काही निघालं तर तुमच्या गाडीला जन्मात हात लावणार नाही. शब्द देतो."

जावई डिकीकडे गेला. मग एकेक पिशवी काढून ओट्यावर ठेवायला लागला. बायको लेकीला म्हणाली, पोरीला आत ने, ऊन लागतंय. लेक गेली नाही.

डावी बाजूही वर आली. दांडा सैल झाला, हातानं हलवला तर हलला. फिटरनं उजव्या आर्मखाली टॉमी घातली आणि हलकेच वर दाबली.

टक.

नखभर फट उघडली आणि मिटली. फिटर बाहेर आला, घाम पुसला. टॉमी जावयाच्या हातात दिली.

"तुम्हीच दाबा. मी सांगून काय उपयोग?"

इस्त्रीच्या शर्टानिशीच जावई खाली सरकला. दाबली. टक. परत दाबली. टक. तिसऱ्यांदा त्यानं अंगातला जोर लावला, आणि सांध्यातला गोळा वाटीतून निसटून बाहेर आला. चाकाचा अख्खा खांब बाहेर कलला, मोडलेल्या मनगटासारखा.

नात बाटलीसाठी कुरकुरत होती.

जावई तिथंच पडून राहिला, डोळे वर. म्हणाला, "काल डोंगर उतरताना ही चालवत होती. मी मागं झोपलो होतो."

लेकीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि ओट्यावर, पिशव्यांमध्येच बसली. 'बघा, सांगत नव्हतो का?' हे वाक्य फिटरनं रात्रभर घोळवून ठेवलं होतं. ते त्यानं गिळलं.

जावयानं झोपूनच खिशातून फोन काढला आणि साहेबाला कळवलं की आज येत नाही. पलीकडून बरंच काही ऐकू आलं. जावयानं ते ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि नवा सांधा कुठं मिळेल, ते विचारलं.

"मिळेल. चौकात," फिटर म्हणाला. "पण दोन आणा. डावा आणि उजवा, दोघे एकाच दिवशी जन्मलेले. एक गेला की दुसऱ्याचा भरवसा नाही."