दहापैकी चार

मी गेमवर लिहिते. चौदा वर्षं लिहितेय आणि या चौदा वर्षांत कुणाला खूश करायला एकही ओळ लिहिलेली नाही. वाचक मला खडूस बाई म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मोठ्या कंपन्या अर्धाकच्चा गेम पूर्ण किमतीला विकतात. हौसेने डबा उघडावा तर आत डिस्कच नसते, नुसता गेम नेटवरून उतरवायचा कोड छापलेला कागद. गेम खेळायचं नवं मशीन आणावं तर त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो. हे सगळं मी नावं घेऊन लिहिते.

माझा सगळ्यात जास्त राग अपडेटवर होता. गेम आज विकायचा आणि त्यातल्या चुका दुरुस्त करणारं अपडेट त्याच दिवशी मागून सोडायचं, म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून मी एक नियम केला होता. समीक्षेसाठी आलेला गेम मशीनचं इंटरनेट बंद करून खेळायचा, डिस्कवर जसा असेल तसाच. सोबत आलेलं कंपनीचं पत्र उघडायचंसुद्धा नाही. डब्यात जे घालून विकलंत, गुण त्यालाच मिळतील.

माझा धाकटा भाऊ अकरा जणांच्या एका छोट्या कंपनीत गेम बनवतो. तीन वर्षं खपून त्यांनी एक गेम केला. त्यात टपाल पोचवणारी होडी असते. ती गवताळ पाण्यातल्या अरुंद वाटांतून न्यायची आणि धक्क्याला न आपटता लावायची, बस्स. डिस्क आमच्या ऑफिसात आली तेव्हा संपादक मला म्हणाले, "हा दुसऱ्या कुणाला देऊ का? तुमच्या भावाचा आहे."

"का? मी वशिल्याने गुण देईन असं वाटतं?"

"छे हो. उलटीच भीती वाटते," ते हसत म्हणाले.

मीही हसले आणि डिस्क उचलली. माझ्या लेखी सगळे सारखे, हे मला जगाला दाखवायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

होडी ढिम्म होती. उजवीकडे वळवावी तर अर्ध्या सेकंदाने वळायची, पटकन थांबवावी तर थांबायची नाही. दोन दिवस खेळले आणि वैतागले. मग लिहिलं, 'होडीला वळायला सांगावं आणि एक कप चहा पिऊन यावं. हा गेम हात थरथरणाऱ्यांसाठी केलाय की काय?' दहापैकी चार गुण दिले. गेम बाजारात आला त्याच सकाळी माझी समीक्षाही आली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. खाली वाचकांनी हसून हसून लिहिलं होतं, 'खडूस बाईंनी सख्ख्या भावालाही सोडलं नाही.' ते वाक्य मी दोनदा वाचलं. बरं वाटलं मला, लपवत नाही.

चार दिवस भावाचा फोन नाही. पाचव्या दिवशी तो स्वतःच घरी आला. पाणी दिलं ते प्यायला नाही.

"ताई, तू अपडेट घातलं नव्हतंस ना?"

"मी कधीच घालत नाही. तुला माहितीये."

"माहितीये. म्हणून तर डिस्कसोबत पत्र जोडलं होतं. मी स्वतः लिहिलं होतं ते."

ते पाकीट ऑफिसातल्या माझ्या खणात तसंच बंद पडलेलं होतं.

"हाताचा कंप गाळायची सोय केलीये आम्ही," तो म्हणाला. "हात थरथरला तरी होडी सरळ जाते. डिस्क छापायला गेली तेव्हा ती सगळ्यांनाच लागू होती, म्हणून तुला होडी जड लागली. ती चालू-बंद करायची सोय नंतर झाली. सहा आठवडे अकराही जण तेवढंच करत होतो. अपडेट घातलं की होडी तुझ्या हाताला तुझ्यासारखी चालते आणि बाबांच्या हाताला बाबांसारखी."

"बाबांच्या?"

बाबा त्याच्याकडेच राहतात. एकतीस वर्षं त्यांनी लेथवर काम केलं, सुताचाही फरक चालायचा नाही असं काम. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले. आता कप अर्धाच भरून द्यावा लागतो आणि शर्टाची बटणं भाऊ लावतो.

"दोन महिने रोज खेळत होते," भाऊ म्हणाला. "गेम तयार होत असतानाच मी घरी आणला होता. धक्क्याला होडी अशी लावायचे की हूं का चूं नाही. गेम बाजारात आला की ताईला खेळून दाखवणार म्हणाले होते. मला मुद्दाम गप्प राहायला सांगितलं होतं."

"त्यांनी वाचलं?"

"तुझं काय वाचत नाहीत ते? अक्षर मोठं करून शेवटपर्यंत वाचलं. तेव्हापासून त्यांनी रिमोटला हात लावलेला नाही." बाबा कंट्रोलरला रिमोटच म्हणतात. "गेमचं जे व्हायचं ते होईल, ताई. तू बाबांचं काहीतरी कर."

तो गेल्याबरोबर मी अपडेट घातलं. होडी पाण्यावरून लोण्यासारखी गेली. मग ती कंपाची सोय चालू केली आणि मुद्दाम हात थरथरवत खेळले. होडी सरळ गेली, धक्क्याला अलगद लागली. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि रडले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला काय नवीन होतं? पण काडी मी लावली होती, तीही तत्त्वाच्या नावाखाली.

दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांत पहिल्यांदा मी माझी समीक्षा मागे घेतली. चूक काय झाली, का झाली, सगळं लिहिलं. दहापैकी आठ गुण दिले. खरोखर आठाचा गेम होता तो, ना सात ना नऊ. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'शेवटी रक्ताचं नातं!' लिहू दे म्हटलं.

रविवारी सकाळी बाबांकडे गेले. ते खिडकीपाशी बसले होते. भावाने टीव्ही आणि मशीन आधीच लावून ठेवलं होतं.

"बाबा, मला खेळून दाखवणार होतात ना?"

"अगं, ते राहू दे." आवाजात राग नव्हता. "तू बरोबरच लिहिलं होतंस. हात थरथरणाऱ्यांसाठीच केलाय तो. मी त्याला सांगत होतो, काढून टाक ते. माझ्या एकट्यापायी अख्खा गेम जड होईल. ऐकेल तर शपथ. शेवटी झालंच ना नुकसान."

"नाही झाला जड. चूक माझी होती, मी अपडेट घातलं नव्हतं. नव्याने लिहिलंय मी. वाचलंत ना?"

"वाचलं. छान लिहिलंस."

"मग खेळा ना."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कारखान्यात आमच्याकडे एक तपासनीस होता. महाखवीस. सुताचा फरक दिसला की माझा माल परत. किती शिव्या घातल्या असतील मी त्याला! पण त्याने पास केलं की मला रात्री झोप लागायची. मग माझा हात हलायला लागला. मला कळत होतं की माप चुकतंय. आणि हा गडी सगळं पास करायला लागला. एकही नग परत नाही. महिनाभर बघितलं आणि मी काम सोडलं."

मी टीव्हीसमोरचा कंट्रोलर उचलून हातात घेतला.

"तू चार दिलेस ना, तेव्हा तू माप घेतलं होतंस," बाबा म्हणाले. "आठ दिलेस तेव्हा माझ्याकडे बघितलंस. त्यात वाईट काही नाही गं. मुलगीच आहेस माझी."

लाखभर लोक माझ्या शब्दावर गेम घेतात किंवा सोडून देतात. ज्याला तो शब्द खरा वाटायला हवा होता, असा एकच माणूस माझ्यासमोर बसला होता. मी त्यांच्या पायाशी बसले आणि कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, आईशप्पथ, खरंच आठ आहेत."

"असतील की," ते म्हणाले. त्यांनी कंट्रोलर कोपराने हळूच बाजूला सारला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.