भिंतीला पाणी

मंदाबाईंनी मागेपुढे पाहिलं, कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि भिंतीला जीभ लावली.

खारट लागलं नाही. नुसती सिमेंटची तुरट चव आली. त्यांनी थुंकून टाकलं, पदराने तोंड पुसलं आणि मग नाक भिंतीशी नेऊन वास घेतला. साबणाचाही वास नव्हता. म्हणजे मिठाचं पाणी नाही, धुण्याचंही नाही. मग भिंत ओली कशाने? सकाळी भाजीची टोपली घेऊन हिंगणघाटला निघताना त्या स्वतः पाणी मारून गेल्या होत्या हे खरं. पण वैशाखाच्या उन्हात ते दुपारपर्यंत टिकलं असेल, हे त्यांना कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. वाडीतला पालक माना टाकून पडला होता, आणि भिंत मात्र नुकतीच न्हाऊन बसल्यासारखी ओलीचिंब.

"करून राह्यली काहीतरी," मंदाबाई पुटपुटल्या.

ती म्हणजे अनुसयाबाई. भिंतीपलीकडची. दोघींच्या भाजीच्या वाड्या एकाच भिंतीने तोडलेल्या आणि दोघींचं बोलणं कितीतरी वर्षांपासून बंद.

मंदाबाई संशयी नव्हत्या, असं त्या स्वतः सांगत. त्या फक्त लक्ष ठेवत. बसच्या कंडक्टरवर, तराजूच्या काट्यावर, दूधवाल्याच्या मापावर आणि फोनवर गोड बोलणाऱ्या सुनेवर त्यांचं सारखंच लक्ष असे. सून अंकिता "आई, जेवल्या का?" असं विचारायची, तेव्हा हिला आज काय पाहिजे असेल, हा विचार त्यांच्या मनात जेवणाच्या आधी यायचा. नवरा, पुंडलिकराव, होता तोवर तोही याच वळणाचा. दोघांनी मिळून जगावर लक्ष ठेवलं. तो गेल्यावर सगळं काम एकटीवर पडलं.

भिंत सासऱ्यांच्या वेळची. विटा भट्टीच्या पण जोडाई मातीच्या गाऱ्यात. आता विटांना खाराचा लोणा लागला होता आणि सांध्यांतली माती भुरूभुरू गळत होती. मंदाबाईंना ती आपोआप गळते हे मान्य नव्हतं. पलीकडून कोणी खिळ्याने कोरत असेल तर? भिंत एकदा पडली की नवी बांधताना हातभर इकडे सरकवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून पाऊसकाळाच्या आधी गिलावा करून घ्यायचा असं त्यांनी ठरवलं.

गुलाब मिस्त्री आला, त्याने भिंत पाहिली, माल कालवला. मंदाबाई समोरच बाज टाकून बसल्या. सिमेंटचं प्रत्येक घमेलं जाताना त्या मान वर करत, रेतीचं जाताना पुन्हा करत. गुलाब पाणी प्यायला उठला तर त्याच्या पिशवीकडे पाहत. दुपार होईस्तोवर त्याने थापी धुतली.

"मावशी, तुम्हीच करा. माह्यानं असं चोरावानी काम नाई होत."

"मी काई म्हटलं काय?"

"म्हटलं नाई, पन पाहून राह्यल्या ना." जाता जाता तो कुंपणाशी थांबला. "एवढं ध्यानात ठेवा. दुपारची तराई चुकली का पिलास्टर भाजते. पापडावानी सुटून येते. दिवसातून चारदा पानी मारा."

तो हे का सांगतो आहे, यात त्याचा काय फायदा, याचा मंदाबाईंनी बराच विचार केला आणि काही सापडलं नाही म्हणून त्या जास्तच अस्वस्थ झाल्या.

संध्याकाळी सावंगीहून मुलाचा, वैभवचा फोन आला. तो तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला होता.

"आई, दुसरा मिस्त्री लाव ना. ह्या वयात तू काऊन करतं?"

"मले भिंत लिपता येत नाई काय? सारं घर लिपलं मी, तुह्या जन्माच्या आधीपासून."

आणि खरंच त्यांनी भिंत लिपायला घेतली. सांधे खुरप्याने खरवडले, माती झाडली, विटा भिजवल्या. थापीने माल मारून पाहिला तर निम्मा पायावर पडला. मग थापी ठेवून त्यांनी हातच लावला. शेणामातीत जन्म गेलेला तो हात, त्याला अर्धगोल फिरवायचीच सवय. मनगट वळायचं आणि माल भिंतीला बसायचा. सिमेंट माती नाही हे त्यांना रात्री कळलं, बोटांची सालं निघाली तेव्हा. सकाळी हाताला प्लास्टिकची थैली बांधून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. भिंतीवर शिंपल्यांसारखे अर्धगोल उमटत गेले. मिस्त्री हसला असता. मंदाबाईंना तो गिलावा फार आवडला.

आणि त्या गिलाव्यावर आता कोणी पाणी टाकत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. मंदाबाई बाजारातून आल्या, तर भिंत ओली. वरून खाली ओघळ आलेले, म्हणजे पाणी पलीकडून, भिंतीच्या माथ्यावरून. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. ओल धरून धरून भिंत खचवायची, हाच डाव असणार. अनुसयाबाई तशीच होती. ज्या बाईने विरजणाचं भोक बुजवलं, ती काय नाही करणार?

भोक असं की, पूर्वी त्या भिंतीत एक विटेएवढी जागा मोकळी होती. अनुसयाबाईचं विरजण नासलं की तिची वाटी त्यातून इकडे यायची, मंदाबाईंचं नासलं की यांची तिकडे जायची. विरजणाबरोबर सांभाराची जुडी, हिरव्या मिरच्या, सासवांच्या कागाळ्या, सगळं जायचं. आवाज न देता नुसती वाटी विटेवर वाजवायची. वैभव शाळेत असताना मंदाबाई भावाच्या घरच्या लग्नाला समुद्रपूरला गेल्या होत्या. परत येऊन पाहिलं तर भोक बंद.

"कोनं बुजवलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं.

"कोन बुजवन? तिनंच बुजवलं असन. तिले नसन पाह्यजे तुहं येनंजानं," तो म्हणाला आणि जेवत राहिला.

मंदाबाईंच्या काळजाला ते फार लागलं. त्यांनी भांडण केलं नाही, विचारायलाही गेल्या नाहीत. फक्त बोलणं सोडलं. नवरा वारला तेव्हा अनुसयाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तमाशा पाह्यले आली असन, असं मंदाबाईंना वाटलं. मागच्या साली सावंगीला अनुसयाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे वैभवनेच सांगितलं. मंदाबाई भेटायला गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपली वाडीत कामाला येणाऱ्या रोशनीच्या डोक्यावर देऊन तिला बसला पाठवलं आणि आपण मागच्या वाटेने वाडीत परतल्या. आज चोर हातात धरायचा होता. लिंबाच्या झाडाआड बसून बसून कंटाळा आला. नुसतं बसायची सवय नव्हती. शेवटचा पट्टा अजून खरवडायचा होता, तो त्यांनी आवाज न करता हळूहळू घेतला.

याच पट्ट्यात जुन्या भोकात बसवलेली वीट होती. सांधा उकरताच ती हलली. हलती वीट काढून पुन्हा बसवल्याशिवाय गिलावा करत नाहीत, एवढं गुलाबकडे पाहून पाहून त्यांना कळलं होतं. त्यांनी खुरपं घालून वीट ओढली. ती मुकाट्याने हातात आली. मागे वाळलेल्या गाऱ्याचा गोळा भोकात गच्च बसलेला.

गोळ्यावर बोटं होती.

आत दाबताना उमटलेली, चार खळगे एका ओळीत. उन्हापावसापासून झाकलेली म्हणून जशीच्या तशी. मंदाबाई बघत राहिल्या. खळगे त्यांच्या बाजूला होते. म्हणजे गारा पलीकडून नाही, इकडून दाबला होता. आणि मधल्या बोटाचा खळगा इतरांहून आखूड, उथळ.

पुंडलिकरावाच्या मधल्या बोटाचं पेर लग्नाआधी हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रात गेलं होतं. हळद लागताना मंदाबाईंनी पहिल्यांदा तेच पाहिलं होतं.

त्यांनी आपलं बोट त्या आखूड खळग्यात घातलं. घट्ट बसलं नाही. खळगा रुंद होता.

मंदाबाईंना राग आला. "घरातलं अर्धं त्या भोकातून जाते," असं तो एकदा म्हणाला होता, ते आता आठवलं. आपण वाटीभर विरजण देत होतो, आणि हा माणूस त्यावरही लक्ष ठेवून होता. बुजवलं ते बुजवलं, वर तिचं नाव घेतलं, आणि मग वर्षानुवर्षं रोज समोर बसून जेवला. रागावून बोलायला तो आता समोर नव्हता. त्या तोंडात पदर धरून रडल्या.

पलीकडे बादली आपटल्याचा आवाज झाला. मग लाकडी स्टूल ओढल्याचा. मग "आई गं" असं कोणीतरी कण्हलं.

मंदाबाईंनी गोळा ओढून काढला. तो न फुटता हातात आला. तो त्यांनी भिंतीच्या पायाशी ठेवला आणि भोकातून पाहिलं. अनुसयाबाई एक पाय स्टुलावर ठेवून भिंतीला धरून उभी होती. दुसरा पाय वर येत नव्हता. हातात पाण्याचा मग.

"अनुसये," मंदाबाई म्हणाल्या. "पडशीन."

तिच्या हातातला मग जमिनीवर पडला.  मग भोकासमोर एक डोळा आला, पांढऱ्या भुवईचा.

"तू बाजारात नाई गेली?"

"नाई. तू काय करून राह्यली?"

"पानी टाकून राह्यली. दुपारचं कोनी मारत नाई ना. माह्या पायरीवरून दिसते. तुहं सिमेंट भाजून राह्यलं होतं, माह्यानं पाह्यलं नाई गेलं." थोडं थांबून ती म्हणाली, "तुले सांगतलं असतं तं तू नाईच म्हटलं असतं."

 मंदाबाईंनी ती भिंत चाखून पाहिली होती.

"हे भोक," अनुसयाबाई म्हणाली. "तू उघडलं?"

"वीट हलत होती."

"हं."

मंदाबाईंनी पायाशी पडलेल्या गोळ्याकडे पाहिलं. घरात तसबिरीत नवरा हार घालून बसला होता. गावात त्याचं नाव चांगलं होतं. आता उरलं होतं तेवढंच, नाव.

"मीच बुजवलं होतं," त्या म्हणाल्या. "तवा माहं डोकं फिरलं होतं."

पलीकडचा डोळा हलला नाही.

"समुद्रपुरावरून बुजवलं काय वं?" अनुसयाबाई हलकेच म्हणाली. "मी इथंच मिरच्या तोडत होती त्या दिवशी. गारा भरताना भाऊजीचं तुटकं बोट दिसलं. मले वाटलं, तूनंच सांगून गेली असशीन. म्हनून मी बी नाई आली."

 दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, मध्ये विटेएवढा उजेड.

"जाऊ दे," अनुसयाबाई म्हणाली. "भाऊजी गेले आता. तू म्हनतं तं तूच बुजवलं. कोनाले सांगाचं हाय आपल्याले?"

मग स्टूल पुन्हा ओढल्याचा आवाज आला.

"चढू नोको, मी येतो तिकडं," मंदाबाई म्हणाल्या.

"येजो. आंधी एवढं टाकू दे, ऊन वाढून राह्यलं."

पाणी माथ्यावरून आलं. ओल्या अर्धगोलांवरून घसरत खाली उतरलं आणि पायाशी ठेवलेल्या गोळ्यावर पडू लागलं. मंदाबाईंना तो उचलता आला असता. सिमेंटने सोललेला हात त्यांनी पुढेही केला, आणि मागे घेतला. कोरडी माती पाणी पीत गेली, काळी झाली, मऊ झाली. मधल्या बोटाचा खळगा मुळातच उथळ. तो आधी गेला.

"पुरते काय वं?" पलीकडून आवाज आला.

मंदाबाई खाली पाहत होत्या.

"अजून टाक," त्या म्हणाल्या.