तरीही चालवा

इंटरनेटवरून उतरवलेलं ॲप उघडताना संगणक मध्येच थांबतो आणि ‘याचा निर्माता ओळखीचा नाही’ असं बजावतो. ती वाक्यं लिहिणं हीच माझी नोकरी.

बाबा वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक. अकरा वर्षं खपून त्यांनी गवतांची चित्रं काढली होती आणि पुस्तकासाठी ती संगणकात साठवली होती. मूळ कागद वाळवीनं कधीच खाल्ले होते. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला.

“अगं, चित्रं लहान करायचं ॲप घेतलंय. पण संगणक उघडूच देत नाही. धोका आहे म्हणतो.”

“तो सगळ्यालाच तसं म्हणतो, बाबा. खाली ‘तरीही चालवा’ आहे, ते दाबा.”

“नक्की ना?”

“दाबा हो! दर वेळी काय विचारायचं?”

त्यांनी दाबलं. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा एकही चित्र उघडत नव्हतं. संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या प्रतीही गेल्या होत्या. तरीही बाबा एकेक फाइल उघडून बघत होते. मी रात्रभर खटपट केली, कचेरीतल्या जाणकारांनाही विचारलं. काही उपयोग झाला नाही.

रविवारी आत्या आली. तिनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “संगणकानं बजावलं होतं गं. मीच ऐकलं नाही.”

मी शेजारीच बसले होते. मी उठून चहा टाकायला गेले.

आता बाबा मला काहीच विचारत नाहीत.