बटण नसलेलं घड्याळ

"आधी दिवा बघ, मग हात मागे घे," मी स्पिराला पुन्हा सांगितलं. त्याने बुद्धिबळाच्या घड्याळावर बोट टेकवलं, काही झालं नाही. अंगठा टेकवला तेव्हा कुठे पलीकडचा दिवा लागला, म्हणजे वेळ आता समोरच्याची.

"याला मी मेलेला वाटतो की काय?"

"तुझी बोटं मेलीत. तू आहेस अजून."

स्पिरा जन्मभर बेकरीच्या भट्टीतून गरम बुरेकची ताटं काढत आला. त्याच्या बोटांची टोकं जळून जळून चामड्यासारखी झाली आहेत. जुन्या घड्याळांना त्याचं काही नव्हतं. बटणावर थाप मारली की खट्ट व्हायचं, आपली बाजू खाली जायची आणि माणूस न बघता उठायचा. आमच्या क्लबच्या नव्या अध्यक्षीणबाई देसांका यांनी स्पर्शाची घड्याळं आणली. सभेत स्पिरा एकटा बटणांच्या बाजूने भांडला आणि हरला. मग देसांका गोड आवाजात म्हणाली, "स्पिराकाका, रविवारचा डाव गेला तर पुढच्या मोसमात तुमच्या पटावर दुसरं कोणी बसेल हं." बायको गेली, बेकरी विकली. त्याच्याकडे रविवार तेवढा उरला होता, आणि बाई तोच मागत होती.

रविवारी त्याच्यासमोर वेलिमिर होता, तिसा नदीपलीकडचा गुरांचा डॉक्टर. मी शेजारच्या पटावर खेळत होतो. सकाळभर स्पिरा शहाण्यासारखा दिवा बघून हात काढत होता. मग त्याला ती चाल सापडली. त्याने उंट देऊन हत्ती कोंडला, घड्याळाला बोट लावलं आणि लाजल्यासारखा हसला. त्या आनंदात दिव्याकडे बघायचं राहिलं. विचारात पडलेल्या माणसाच्या डोक्यावर बसू नये, ही आमच्याकडची रीत. तो खुर्ची न वाजवता उठला आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला.

दिवा त्याच्याच बाजूला जळत होता.

वेलिमिरने ते पाहिलं. मीही पाहिलं. त्याने दोन्ही हातांत डोकं धरलं आणि पटावर नजर लावली, जणू फार अवघड प्रश्न पडलाय. पंच येऊन उभा राहिला, घड्याळाकडे बघितलं आणि पुढे गेला. नियमाने त्याला सांगता येत नाही. मलाही नाही, बोललो असतो तर मदत घेतली म्हणून स्पिराचाच डाव काढून घेतला असता. दालनात कुठेच खट्ट होत नव्हतं. स्पिराच्या बाजूचे आकडे मुकाट्याने उतरत होते.

बऱ्याच वेळाने स्पिरा दारात आला. वेलिमिर अजून डोकं धरून आहे हे बघून तिथेच थांबला. मी खोकलो. पुन्हा जोरात खोकलो.

तो पाय न वाजवता माझ्यापाशी आला आणि कानात पुटपुटला, "छातीत भरलंय तुझ्या. घरी गेलास की राकियाची दारू चोळ." मग वेलिमिरकडे मायेने बघितलं. "बिचारा. करू दे विचार." आणि परत बाहेर गेला. मला त्याचा राग आला, वेलिमिरचा आला, त्या बाईचा तर आलाच. माझी स्वतःची चाल काय होती ते मी विसरून गेलो.

तो आत आला तेव्हा पंच घड्याळ थांबवत होता. स्पिराच्या बाजूला शून्य होतं, वेळ संपून डाव गेला होता. त्याने खाली वाकून नीट बघितलं आणि त्याला सगळं कळलं. ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. देसांका आमच्या मागे येऊन उभी होती. वेलिमिरने मान वर न करता हात पुढे केला.

स्पिराने तो हातात घेतला. मग कोट न घालता खुर्चीवर बसला. डाव संपला की दोघांनी मिळून तो पुन्हा मांडायचा, आपण कुठे काय विचार केला ते एकमेकांना सांगायचं, असं आम्ही सगळेच करतो. त्याने सोंगट्या त्या चालीपर्यंत मागे नेल्या. उंट जागेवर ठेवला.

"इथे तू फार वेळ बसला होतास," तो शांतपणे म्हणाला. "सांग की, काय बघत होतास?"

वेलिमिर पटाकडे बघत राहिला. स्पिरा हाताची घडी घालून उत्तराची वाट बघत होता. त्याला घाई नव्हती.