आईच्या कपाळावरची पालवी

काशोएरा गावात देव कोरणारे पुष्कळ, पण देलमिराने कोरलेला देव आता श्वास घेईल असं वाटायचं. आरसा हातात धरलेली नदीची ओशुन, धनुष्य घेतलेला रानाचा ओशोसी, सगळे तिच्या ओसरीवर ओळीने उभे. एक चेहरा मात्र काही केल्या जमत नव्हता, तो आईचा. फोटो पुरात गेले होते, आणि आई गेल्यापासून मनातले नाकडोळेही पुसट होत चालले होते. रोज घराबाहेर पडताना आईच्या हाताला ओठ लावून आशीर्वाद मागायची जन्माची सवय. आता दारात पाय अडखळायचा. मागायचा कुणाकडे?

त्या साली वादळात देवस्थानातल्या इरोकोची फांदी मोडून पडली. इरोको म्हणजे झाड होऊन उभा राहिलेला देवच. बुंध्याला पांढरं कापड, मुळाशी मक्याचा नैवेद्य. कोलाच्या फळाच्या चार फोडी टाकून कौल घेतल्याशिवाय त्याचं पानही कुणी तोडत नाही. देलमिराने कौल लावला नाही. नकार आला असता तर? पडलेल्या फांदीत कसला आलाय देव, अशी मनाची समजूत घालून तिने ती चादरीत गुंडाळून घरी आणली.

कोरताना हात जणू तिचे राहिलेच नाहीत. नदीवरचं धुकं खिडकीतून आत यायचं, पटाशी आपसूक वळायची, दुपार आहे की संध्याकाळ हेही कळायचं नाही. केसांसाठी मागची साल तिने तशीच ठेवली. आणि एकदा मान वर करून बघते तर समोर आई! तीच उंचावलेली भुवई, तेच रागावून मुडपलेले ओठ. देलमिरा वेडी व्हायची बाकी होती.

पावसाळी हवेत एका सकाळी सालीच्या कडेला, कपाळावर, पालवी फुटली. देलमिराने ती खुडली. पांढरा चीक आईच्या गालावर ओघळला. दुसऱ्या दिवशी पालवी पुन्हा हजर. खुडायला हात उचलेना. तसाच तो चेहरा उचलून ती देवस्थानातल्या म्हाताऱ्या पुजारणीकडे, माय झेफेरिनाकडे गेली.

"आशीर्वाद, माय."

"देव देवो. काय चोरून आणलंस?"

"चोरलं कशाला? पडलेलीच होती."

"हो का? मी परवा अंगणात घसरून पडले, तेव्हा मलाही न्यायचंस की उचलून!"

देलमिराने चादर सोडली. मायने वाकून चेहरा न्याहाळला. मग हळूच म्हणाली, "ही तर आउरेलिना, तुझी आई. अजून रागावलेलीच आहे बाई."

"माय, कौल लाव ना. ठेवू दे म्हणावं मला."

"ते काय विचारायचं? उत्तर तिच्या कपाळावर आलंय. उन्हात सुकवलीस तर चेहरा राहील, फांदी मरेल. मातीत रोवलीस तर फांदी जगेल, पण साल सरकत येईल नि नाकडोळे गिळून टाकेल."

"म्हणजे आई पुन्हा जाणार."

"जाणार." गोड बोलणं मायच्या स्वभावातच नव्हतं.

देलमिरा बराच वेळ आईच्या गालावरचा चीक चादरीच्या टोकाने पुसत बसली. मग म्हणाली, "माझ्या दारात लावली तर चालेल का, एवढं तरी विचार."

मायने फोडी टाकल्या. चारही उताण्या पडल्या, म्हणजे स्वच्छ होकार.

फांदी दारात रुजली. साल आधी हनुवटीवर चढली, मग ओठांवर. ज्या वर्षी डोळेही झाकले गेले, त्या वर्षी देलमिरा झाडाला मिठी मारून ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी कामाला निघताना तिने त्या खरखरीत सालीला ओठ लावले. "आशीर्वाद, आई," म्हणाली, आणि चालू लागली.